मँचेस्टरमधलं अमेरिकन कोर्ट आणि रव्याचे लाडू

इंग्लंडला जाऊन आलो म्हटल्यावर साताऱ्यातली माणसं आधी राणीचं विचारतात, मग थंडीचं, आणि शेवटी आवाज खाली आणून तिथल्या बाथरूमचं. मी मात्र सुरुवात करतो ती अमेरिकेच्या सरकारापासून. समोरचा म्हणतो, "मास्तर, तुम्ही इंग्लंडला गेला होता ना?" गेलो होतो. राहिलो इंग्लंडात, जेवलो इंग्लंडात, सर्दीसुद्धा तिथलीच घेऊन आलो. पण मुद्दाम बसवून सांगावं असं जे पाहिलं ते अमेरिकेचं सरकार होतं. ते भरलं होतं मँचेस्टरला, एका कॉलेजच्या हॉलमध्ये, आणि ते चालवत होती सतरा-अठरा वर्षांची मुलं. त्यांतली एक माझी भाची.

मी नववी-दहावीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतो. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या ताटातली चटणी. वाढायची असते, खाल्लीच पाहिजे असं नाही. पोरं ती परीक्षेच्या आदल्या दिवशी चाटतात. तरीही इतकी वर्षं मी ती मन लावून वाढत आलो, आणि त्यामुळे राज्यकारभारातलं आपल्याला बरंच कळतं असा माझा समज होता. तो समज बॅगेत घालून मी २००८ सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत बायको उषा हिच्यासह विमानात बसलो.

साउथहॅम्प्टन

माझी धाकटी बहीण सुमन लग्न होऊन तिकडे गेली त्याला आता दोन तपं होतील. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, तिथल्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर. त्यांची एकुलती एक ईशा. जन्म तिथला, शाळा तिथली, मराठी मात्र घरची. मराठीत ती सुरुवात करते, मध्ये इंग्रजीत जाऊन चहा पिऊन येते आणि पुन्हा मराठीत वाक्य संपवते.

सुमनचं घर जरा उंचावर आहे. वरच्या खिडकीतून बंदर दिसतं. पहिल्या दिवशी मी उषेला म्हणालो, "समोरची सोसायटी बघ, काय झोकात बांधलीय! प्रत्येक घराला गॅलरी!" दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटी जागेवर नव्हती. ते प्रवासी जहाज होतं आणि ते नॉर्वेला निघून गेलं होतं. दाजींनी ही गोष्ट त्यांच्या हॉस्पिटलात सगळ्यांना सांगितली.

मेच्या अखेरीस तिकडे सूर्य मावळायचं मनावरच घेत नाही. रात्रीचं जेवण आम्ही उन्हात जेवत होतो. सुमन फोडणी द्यायला मागच्या अंगणातल्या लाकडी शेडमध्ये जाते, कारण घरात हिंगाचा वास बसला की पडद्यांतून उन्हाळाभर निघत नाही. माझी बहीण पातेलं हातात धरून पळत पळत घरात येते आणि आमटी चर्र वाजते, हे दृश्य मी रोज पाहिलं. परदेशातल्या बायकांचं कौतुक करायचं तर मी आधी ह्या पळण्याचं करीन.

अशाच एका उजेडातल्या जेवणाला ईशाने विचारलं, "मामा, तुम्हाला अमेरिकन गव्हर्नमेंट येतं?"

"येतं का म्हणजे? कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ. कायदेमंडळ म्हणजे काँग्रेस, तिची सभागृहं दोन..."

"हो, ते नावं मला पण येतात. पण ते वर्क कसं करतं?"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. मी आमटी वाढून घेतली.

ईशाची अडचण अशी होती. तिकडे बारावीच्या वयाच्या मुलांना राज्यशास्त्र घेतलं की अमेरिकेचं सरकारही शिकावं लागतं. मँचेस्टरचं एक कॉलेज दरवर्षी अशा मुलांची स्पर्धा भरवतं. सकाळी मुलं काँग्रेस होतात, कायदा करतात, प्रेसिडेंट होऊन तो अडवतात. दुपारी त्यावरून कोर्टात भांडतात. जिंकणाऱ्या जोडीला आठवडाभर वॉशिंग्टनला नेतात, खरी काँग्रेस आणि खरं कोर्ट दाखवायला. ईशा आणि तिची मैत्रीण केटी अंतिम फेरीत पोचल्या होत्या. ईशाने त्यासाठी वर्षभर शनिवार-रविवार घालवले होते. तिच्या खोलीच्या भिंतीवर नटनट्या असतील म्हणून मी डोकावलो, तर तिथे पांढऱ्या खांबांच्या त्या सुप्रीम कोर्टाचं चित्र लावलेलं.

"आता बघा," ती म्हणाली, "आई काँग्रेस आहे. बाबा प्रेसिडेंट. आईनी लॉ पास केला की सगळ्यांनी कारनी मँचेस्टरला जायचं. तो लॉ बाबांकडे जातो. बाबा साइन करू शकतात, नाहीतर व्हेटो."

"व्हेटो," दाजी लगेच म्हणाले. "मला ट्रेन हवी."

"ओके. मग आईकडे परत. पण आता तिला साधं मेजॉरिटी पुरत नाही. दोन्ही हाउसमध्ये टू-थर्ड्स पाहिजे."

"माझ्या दोन्ही हाउसमध्ये मीच आहे," सुमन म्हणाली. "कारनेच जायचं."

"झालं! बाबांची व्हेटो गेली."

"दाजी, तुमचा व्हेटो आजवर कधी टिकलाय का?" मी विचारलं.

"मास्तर, मला सही करायला पेन मिळतं यातच मी खूश आहे."

मी म्हणालो, "पण दाजींनाही काँग्रेसमध्ये मत असणारच ना? आमचा पंतप्रधान लोकसभेतच बसतो. तुमचा इथलाही पार्लमेंटमध्ये बसतो."

"नो, मामा! दॅट्स द पॉइंट! प्रेसिडेंटला तिकडे सीटच नाही. तो आत नाही बसत. आणि काँग्रेस त्याला मत देऊन घरी नाही पाठवू शकत, आपल्यासारखं. एकमेकांच्या घरात नाही राहत ते. शेजारी आहेत, आणि मधल्या कुंपणावरून भांडतात."

"आणि कोर्ट?"

"कोर्ट म्हणजे मामी. प्रेसिडेंटनी नाव द्यायचं, सेनेटनी हो म्हणायचं, आणि मग मरेपर्यंत कोणी काढू नाही शकत."

उषा म्हणाली, "मला कोण काढतंय!" आणि मला आणखी एक पोळी वाढली.

मग ईशाने अडलेली जागा सांगितली. स्पर्धेतला खटला असा: काँग्रेसने कायदा केला की नदीकाठच्या लहान गावांना पूल बांधून द्यायचे. प्रेसिडेंटने व्हेटो केला. काँग्रेसने दोन-तृतीयांश मतांनी तो ओलांडला. कायदा झाला. आणि मग प्रेसिडेंटने काहीच केलं नाही. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. पूल बांधायची ऑर्डरच काढली नाही. एक गाव कोर्टात गेलं. खालच्या कोर्टाने सांगितलं, हा प्रेसिडेंटचा अधिकार, आम्ही मध्ये पडणार नाही. ईशाला गावाच्या बाजूने वरच्या कोर्टात बोलायचं होतं.

"पण त्यानी काही केलंच नाही, तर मी म्हणू काय? नथिंग हॅपन्ड! कशावर आर्ग्यू करू?"

इथे माझं घोडं पहिल्यांदा गंगेत न्हालं. मी म्हणालो, "अगं, ह्याला आमच्याकडे शब्द आहे. फाईल दाबणे."

तिने हा शब्द कधी ऐकला नव्हता. मग मी आमच्या शाळेची गोष्ट सांगितली. शाळा समितीने मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह बांधायचा ठराव केला. तेव्हाच्या मुख्याध्यापकांचा विरोध होता. सभेत ते बोलले, मत पडलं, हरले. हसत हसत म्हणाले, "समितीची आज्ञा शिरसावंद्य." आणि फाईल कपाटात ठेवून वर त्रैमासिक परीक्षेचे गठ्ठे रचले. विचारलं की म्हणायचे, "प्रक्रियेत आहे." ती प्रक्रिया ते निवृत्त होईपर्यंत चालली.

ईशाने चमचा खाली ठेवला. "म्हणजे त्यांनी सेकंड व्हेटो घेतली. सीक्रेटली."

"हां."

"पण व्हेटो एकदाच मिळते. ती वापरली, हरला. आता हात बांधून बसणं ही दुसरी व्हेटो होते. आणि तिला टू-थर्ड्सनी पण हरवता येत नाही, कारण ती दिसतच नाही!" ती उठून माझ्या गळ्यात पडली. "मामा, यू आर अ जीनियस."

साताऱ्यात मला असं कुणी म्हणत नाही. त्या रात्री मला जेट लॅगच्या नावाखाली झोप आली नाही, पण खरं कारण आनंदाचं होतं.

लंडन

मध्ये एक दिवस आम्ही ट्रेनने लंडन करून आलो. लंडनचं वर्णन मी करत नाही, ते सगळ्यांनी केलंय. एकच सांगतो. पार्लमेंटसमोर उभा राहून मी ईशाला विचारलं, "आणि सुप्रीम कोर्ट कुठंय?"

ती हसली. "नाहीये. अजून नाहीये. इथले सर्वांत मोठे जज पार्लमेंटमध्येच बसतात, लॉर्ड्समध्ये."

मला वाटलं पोरगी थट्टा करतेय. ज्या देशाने आम्हाला कायद्याचं राज्य शिकवलं म्हणून आम्ही पुस्तकात छापतो, त्याचे सर्वोच्च न्यायाधीश कायदे करणाऱ्यांच्याच घरी बिऱ्हाडकरू? तिने चौकापलीकडे बोट दाखवलं. एका जुन्या दगडी इमारतीचं काम चाललं होतं. "ते नवं कोर्ट होणार आहे. मग ते वेगळे होतील."

मी अंगातलं जाकीट सरळ केलं. आमच्याकडे सुप्रीम कोर्ट प्रजासत्ताक झाल्यापासून वेगळं आहे. पार्लमेंट आपण ह्यांच्याकडून घेतलं, कायदा घटनेत बसत नसेल तर तो रद्द करायचा कोर्टाचा अधिकार त्या अमेरिकेच्या नमुन्यावरून. दोन्ही घरची भाजी आणून आपण आपल्या कढईत केली. हे मी ईशाला सांगितलं, शेजारच्या एका जपानी जोडप्यालाही सांगितलं. त्यांनी माझा फोटो काढला.

मँचेस्टरच्या वाटेवर

शनिवारी पहाटे आम्ही पाचजण कारने निघालो. काँग्रेसचा तसा कायदाच होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवं, त्यात मेंढ्या, पुन्हा हिरवं. आपल्याकडे प्रवासात झोप मोडायला खड्डे असतात, तिकडे मोडणारं काहीच नसतं, त्यामुळे मी घोरलो असं म्हणतात. हायवेवर मधूनमधून थांबायच्या जागा असतात, त्यांना सर्व्हिसेस म्हणतात. तिथल्या चहाची किंमत पाहून आम्ही पार्किंगमध्येच थालीपीठ सोडलं. शेजारच्या गाडीतला कुत्रा आमच्याकडे इतक्या आदराने बघत होता की उषेने त्यालाही तुकडा देऊ का म्हणून त्याच्या मालकिणीला विचारलं.

उषेच्या मांडीवर स्टीलचा डबा होता. रव्याचे लाडू. आदल्या दिवशी तिने सुमनच्या शेगडीवर रवा भाजून केलेले, वर एकेक बेदाणा. ईशाने विचारलं होतं, "मामी, कोणासाठी?"

"कोणासाठी काय! इतक्या लांब चाललोय, हात हलवत जायचं?"

आमच्या घरात ही घटनेतली पहिली तरतूद आहे. लग्नाला, बारशाला, दवाखान्यात, बदली झालेल्या साहेबाकडे, कुठेही जायचं तर हातात काहीतरी पाहिजे. कोण भेटेल हे माहीत नसलं तरी डबा तयार असतो. माणूस नंतर सापडतो.

मँचेस्टर

विटांच्या लाल इमारती, रस्त्यातून घंटी वाजवत जाणाऱ्या ट्राम, आणि पाऊस पडू की नको अशा विचारात असलेलं आभाळ. कॉलेजच्या हॉलमध्ये शंभरेक मुलं कोट घालून सरकार झाली होती. एक मुलगी स्पीकर झाली. एका मुलाने प्रेसिडेंट होऊन इतक्या गंभीरपणे व्हेटो केला की मला त्याच्या आईवडिलांची काळजी वाटली. सेनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोनच माणसं, राज्य साताऱ्याएवढं असो की अख्ख्या महाराष्ट्राएवढं. खालच्या सभागृहात मात्र लोकसंख्येप्रमाणे. त्यामुळे एकाच पुलावरून दोन सभागृहांत दोन वेगळी भांडणं झाली. सगळं फार संथ होतं. मी दाजींना म्हणालो, "ह्यांचं काही लवकर होतच नाही."

दाजी म्हणाले, "मास्तर, लवकर होऊ नये म्हणूनच केलंय ते."

सुरुवातीला आयोजकांनी एक नियम वाचून दाखवला होता. परीक्षकांशी स्पर्धेबद्दल कुणी बोलू नये, बोलणं झालं असेल तर ते उघड सांगावं. मी तो ऐकला. तो मुलांसाठी आहे असं समजून मान डोलावली. परीक्षक कोण हे काही कुणी सांगितलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत सगळीकडे सँडविच वाटत होते. कॉरिडॉरच्या टोकाला, खिडकीपाशी, एक पांढऱ्या केसांच्या बाई एकट्याच बसल्या होत्या. सँडविच अर्धवट टाकलेलं. आपल्याकडे म्हातारं माणूस एकटं जेवत असलं तर आपण काय करतो? मी तेच केलं. डबा पुढे धरला.

"यात नट्स आहेत का?" बाईंनी विचारलं. तिकडे हा प्रश्न 'बरं आहे ना?'च्या चालीवर विचारतात.

"फक्त बेदाणा," मी म्हणालो.

त्यांनी लाडू खाल्ला. डोळे मिटले. "हे काय असतं?" मी सांगितलं. त्यांनी दुसरा घेतला. मग आम्ही छान बोललो. हवेबद्दल, साताऱ्याबद्दल, माझ्या शाळेबद्दल. निघताना मी हात जोडले आणि माझ्या इंग्रजीत म्हणालो, "दुपारी माझी भाची बोलणार आहे. लांब वेणीवाली. वर्षभर मेहनत घेतलीय पोरीने. जरा लक्ष असू द्या."

सुट्टी संपली. न्यायाधीश येत आहेत म्हणून सगळे उठून उभे राहिले. काळा झगा घालून तीन परीक्षक आत आले. मधल्या उंच खुर्चीवर माझ्या लाडूवाल्या बाई बसल्या.

"अहो," उषा आनंदाने म्हणाली, "ह्या तर आपल्याच!"

ईशा आमच्यापुढच्या टेबलाशी कागद लावत होती. तिने वळून पाहिलं. उषेला वाटलं पोरीला धीर द्यावा. "काही घाबरू नकोस गं. त्या मधल्या बाई फार चांगल्या आहेत. लाडू आवडले त्यांना. यांनी तुझंही सांगून ठेवलंय."

ईशाचा चेहरा पांढरा पडला. ती खाली वाकून हळू म्हणाली, "मामा. एक्झॅक्टली काय म्हणालात?"

"काही नाही गं. म्हटलं, वेणीवाली माझी भाची. लक्ष असू द्या."

"लक्ष असू द्या?"

"अगं, ते आपण सगळ्यांनाच म्हणतो! डॉक्टरला म्हणतो, कंडक्टरला म्हणतो, देवाला म्हणतो! त्याचा काही अर्थ नसतो!"

"इथे असतो," ईशा म्हणाली.

केटीने ऐकलं होतं, मराठी कळली नव्हती. ईशाने तिला सांगितलं. केटी म्हणाली, जाऊ दे, त्या बाईंनी एक बिस्किट खाल्लंय, कुणी पाहिलं नाही, आपण वर्षभर ह्याची वाट बघितलीय. ईशा केटीशी पुन्हा काही बोलली. केटीने आधी 'नाही' म्हणून मान हलवली, मग छताकडे बघितलं, मग म्हणाली, "ओके."

तीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आलो: न्यायमंडळ स्वतंत्र व निःपक्षपाती असावे. खाली दोन रेघा मारत आलो. आणि पहिल्यांदा एका न्यायाधीशासमोर उभा राहायची वेळ आली तेव्हा मी काय केलं, तर डबा उघडला. मला वाटलं, खुर्चीखाली जावं. खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या होत्या, त्यामुळे तेही जमेना.

ईशा उठून उभी राहिली. "कोर्टाची परवानगी असेल तर, सुरू करण्याआधी मला एक गोष्ट सांगायची आहे. लंच ब्रेकमध्ये माझ्या मामांनी तुम्हाला घरचं गोड दिलं आणि माझ्याबद्दल सांगितलं. त्यांना तुम्ही जज आहात हे माहीत नव्हतं. आमच्याकडे असं करणं प्रेमाचं असतं. पण समोरच्या टीमला हे माहीत असायला हवं."

हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी तिने माफी मागितली असती. शंभर डोकी मागे वळली आणि त्यांना मामा शोधायला अडचण आली नाही, कारण डबा माझ्या मांडीवर होता.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मी दोन खाल्ले."

हसण्याची एक लाट आली आणि विरली. बाई हसत नव्हत्या. हे त्यांनी स्वतःच आधी सांगायला हवं होतं, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. मग झगा सावरत उठल्या, उंच खुर्चीवरून खाली उतरल्या आणि प्रेक्षकांत येऊन बसल्या. रिकामी जागा आमच्याच रांगेत होती. त्या उषेशेजारी बसल्या. उषेने त्यांना जागा करून दिली, पण ह्या वेळी काही खायला दिलं नाही. आमच्या घरात एवढी सुधारणा एका मिनिटात झाली.

खटला दोन न्यायाधीशांपुढे सुरू झाला.

आणि मग ईशा बोलली. मी आजवर पुष्कळ वक्तृत्व स्पर्धांचं परीक्षण केलंय, हातवारे करणारी पोरं पाहिली आहेत. ही हात खाली ठेवून बोलत होती. म्हणाली, प्रेसिडेंटला नाही म्हणायचा हक्क घटनेने दिला आहे, पण तो मोठ्याने म्हणायचा आहे, कारण देऊन, लोकांसमोर, म्हणजे काँग्रेसला त्याला उत्तर देता येईल. इथे तो म्हणाला, उत्तर मिळालं, हरला. आता तो गप्प आहे, आणि त्याचं गप्प बसणं त्याच्या व्हेटोपेक्षा ताकदवान ठरतंय. मग म्हणाली, "भारतात, माझ्या मामांच्या गावात, ह्याला एक शब्द आहे. फाईल दाबणं. फाईल फाडत नाहीत, जाळत नाहीत. तिच्यावर दुसऱ्या फायली ठेवतात."

मँचेस्टरच्या त्या हॉलमध्ये 'फाईल दाबणं' हे मराठीत उच्चारलं गेलं. डाव्या न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. आमचे जुने मुख्याध्यापक अशा रीतीने अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात पोचले.

समोरचा डॅनियल नावाचा मुलगाही तयारीचा होता. तो म्हणाला, कोर्टाकडे ना सैन्य ना तिजोरी. प्रेसिडेंटने रोज काय करावं हे न्यायाधीश सांगायला लागले तर मग प्रेसिडेंट कोण? काँग्रेसला राग आला असेल तर तिच्या हातात दुसरे उपाय आहेत, तिने ते वापरावेत. मी त्याचा विरोधक, पण माझ्यातला मास्तर म्हणत होता, शाबास रे.

न्यायाधीश आत जाऊन आले. निकाल वाचला. एक मत गावाच्या बाजूने. एक मत प्रेसिडेंटच्या बाजूने.

मी दाजींकडे पाहिलं. "मग आता?"

उत्तर व्यासपीठावरून आलं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात मतं समसमान पडली तर खालच्या कोर्टाचा निकाल कायम राहतो. खालच्या कोर्टाने प्रेसिडेंटला हात लावला नव्हता. म्हणजे प्रेसिडेंट जिंकला. डॅनियल आणि त्याचा जोडीदार वॉशिंग्टनला जाणार.

टाळ्या वाजल्या. ईशा आणि केटी उठून पलीकडे गेल्या, दोघांशी हात मिळवले. डॅनियल तिला काहीतरी बोलला आणि बराच वेळ तिचा हात सोडेना.

मी शेजारच्या बाईंना विचारलं, "तुम्ही कुणाला मत दिलं असतं?" उषेने मला कोपराने ढोसलं, पण प्रश्न बाहेर पडला होता.

बाई म्हणाल्या, "ते सांगितलं तर मी तिथून उठून आले कशाला?"

परतताना

बाहेर आभाळाने शेवटी विचार पक्का केला होता. पावसात गाडीचे वायपर एकसारखे मान हलवत होते. केटी तिच्या आईवडिलांबरोबर गेली. सुमन पुढे बसून नाक पुसत होती. मागे मध्ये ईशा, एका बाजूला उषा, एका बाजूला मी.

"माझ्यामुळे," मी म्हणालो. "ईशा, सगळं माझ्यामुळे गेलं गं."

"हो," ईशा म्हणाली.

मला वाटलं होतं ती 'नाही मामा' म्हणेल. आपल्याकडे म्हणतात. ती म्हणाली नाही, आणि मला का कोण जाणे, बरं वाटलं.

दाजी आरशात बघत म्हणाले, "ईशू, तू नसतं सांगितलंस तर कदाचित..."

"बाबा, मला माहीत आहे." तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "त्या बाई माझ्या बाजूनी होत्या. मला दिसत होतं. मी बोलताना त्या मान हलवत होत्या, ऑडियन्समध्ये बसून." ती रडली. उषेने तिचं डोकं खांद्यावर घेतलं. ती चांगली मनसोक्त रडली, आणि आम्ही कुणी तिला गप्प केलं नाही.

मग डोळे पुसत ती म्हणाली, "डॅनियलच्या टीमला पण वाटलंच असतं ना, की लाडूमुळे. जिंकले असते तरी. मग मी वॉशिंग्टनला जाऊन त्या कोर्टाकडे बघू कशी?"

पावसाच्या आवाजात दाजी काहीतरी पुटपुटले. सुमनने त्यांच्या गिअरवरच्या हातावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत मी माझ्या मेहुण्याला डोळे पुसताना पाहिलं नव्हतं. गाडी चालवताना ते करू नये, म्हणून सुमननेच पुसले.

बऱ्याच वेळाने ईशाने विचारलं, "मामा, हे तुम्ही तुमच्या क्लासमध्ये सांगणार?"

"सांगणार. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच तासाला."

"मग नीट सांगा. ती खरं बोलली म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तिलाच बक्षीस मिळालं, असं नका करू. तुम्ही टीचर लोक असं करता."

"मग काय सांगू?"

"सांगा, ती हरली."

शाळा उघडली आणि मी वर्गात तसंच सांगितलं. पोरं हळहळली. एकाने विचारलं, "सर, पुढच्या वर्षी तरी तिला मिळेल का?" नाही. स्पर्धेला एकदाच बसता येतं. दुसऱ्याने विचारलं, "तुम्हाला ओरडली नाही?" नाही.

तुम्हालाही तिने सांगितल्याप्रमाणे नीट सांगतो. मत एकास एक पडलं. खालच्या कोर्टाचा निकाल कायम राहिला. वॉशिंग्टनला दुसरी मुलं जाऊन आली. माझी भाची हरली. आणि हे वाक्य म्हणताना दर वेळी माझा आवाज भाषणात चढतो तसा चढतो, मागच्या बाकावरची पोरंसुद्धा दचकून वर बघतात. त्याला माझा इलाज नाही.